पाणी पाजलेले कासे

लोहार कोयतीला पाणी पाजतो, म्हणजे लालबुंद पाते पाण्यात बुडवतो. त्यामुळे पाते कठीण होते आणि थोडे ठिसूळही. काशावर हीच क्रिया केली तर उलट घडते. ते चिवट होते. पेडणे-डिचोलीत चतुर्थीच्या आरतीला घुमट-शामेळाबरोबर वाजणारे कासाळे या फरकाचे उत्तम उदाहरण आहे. 'कांस्यताल' हा शब्द त्याच्या नावातच दडलेला आहे.

तांब्याची स्फटिकरचना साधी असते. तिच्या मूळ घनात ४ अणू बसतात. अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून तांबे ठोकले की वाकते, तुटत नाही. सुमारे १५ टक्क्यांपर्यंत कथिल या रचनेत सामावते. नादासाठीच्या काशात ते २० ते २२ टक्के असते. जास्तीचे कथिल तांब्याशी ठरावीक प्रमाणात बांधले जाऊन वेगळेच संयुग बनते. दोन धातूंच्या अशा संयुगाला आंतरधातू संयुग म्हणतात. याच्या मूळ घनात तब्बल ४१६ अणू असतात. एवढ्या गुंतागुंतीत थर घसरायला वाव नसतो, म्हणून ते कठीण असते आणि घाव बसताच तडकते.

मात्र सुमारे ५८६ अंश सेल्सिअसच्या वर काशात २ अणूंच्या घनाची दुसरी, सोपी रचना असते. तेव्हा ते ठोकून पातळ करता येते. सावकाश निवू दिले तर ५२० अंशांच्या खाली ठिसूळ संयुग तयार होते. पाण्यात बुडवले तर त्याला तयार व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून तडकलेले कासाळे तापवून सांधले आणि तसेच निवू दिले, तर ते सांध्याजवळ पुन्हा फुटण्याचा धोका असतो. ओतीव घंटा सावकाश निवते. ती खणखणीत वाजते, पण पडली तर फुटते.

सगळीच आंतरधातू संयुगे अशी नसतात. पेडण्यातील मोपा विमानतळावर उतरणाऱ्या जेट विमानांच्या इंजिनांतील तप्त पाती निकेलच्या मिश्रधातूची असतात. तिचे बळ निकेलचे ३ आणि ॲल्युमिनियमचा १ अणू अशा संयुगात असते. त्याची रचना सोपी, पण शिस्तीची: कोपऱ्यांवर ॲल्युमिनियम, पृष्ठांच्या मध्यभागी निकेल. इतर धातू तापल्यावर मऊ पडतात. हे संयुग सुमारे ८०० अंशांपर्यंत अधिक बळकट होत जाते. उष्णतेमुळे थरांची घसरण दुसऱ्या प्रतलावर वळते आणि तिथेच अडकून बसते.

तेव्हा 'पाणी पाजणे' हा शब्दप्रयोग लिहिताना किंवा वर्गात समजावताना धातू कोणता, तेही सांगावे. कोयतीला त्याने धार टिकते, कासाळ्याला घाव सोसतो.