कमी अन्न, अधिक देखरेख

अन्नदान हे आपल्या परंपरेत श्रेष्ठ दान मानले जाते. आंतररुग्णांना दोन वेळचे भोजन विनामूल्य मिळावे म्हणून आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे देणग्या दिल्या आहेत. त्यामुळे यंदाच्या अंदाजपत्रकात 'अत्यल्प उष्मांक आहारोपचार' हे नवे शीर्ष पाहून काही स्नेह्यांनी आम्हांस विचारले की, रुग्णाला कमी जेवू घालण्यासाठी एवढा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर काहीशा विस्ताराने देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

दिवसाला ८०० किंवा त्याहून कमी उष्मांक देणाऱ्या आहारास 'अत्यल्प उष्मांक आहार' म्हणतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषास २११० व स्त्रीस १६६० उष्मांक लागतात. म्हणजे हा आहार निम्म्याहूनही कमी झाला. रुग्णाचे नेहमीचे जेवण काही आठवडे, सहसा जास्तीत जास्त बारा, पूर्णपणे थांबवले जाते व त्याऐवजी पाण्यात कालवून घ्यावयाची तयार भुकटी दिली जाते. तीत प्रथिने, जीवनसत्त्वे व क्षार मोजून घातलेले असतात. यास उपवास समजू नये. निव्वळ उपाशी राहिल्यास शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळते. प्रथिनांची योजना त्यासाठीच आहे. आणि साबुदाण्याची खिचडी, बटाटा व शेंगदाण्याची आमटी यांच्या आपल्या घरच्या उपवासाविषयी तर 'एकादशी, दुप्पट खाशी' असे आपणच म्हणत आलो आहोत.

या उपचाराचा पूर्वेतिहास विश्वस्तांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत द्रवरूप प्रथिनांवर राहून वजन उतरविण्याची लाट आली. जनावरांचे कातडे व स्नायुबंध यांपासून काढलेली निकृष्ट प्रथिने असलेली ही पेये लोकांनी दुकानांतून विकत घेतली आणि बहुतेकांनी स्वतःच्याच मताने महिनोन्‌महिने घेतली. १९७७-७८ च्या सुमारास पन्नासहून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यांतील कित्येक तरुण स्त्रिया होत्या. हृदयाचे ठोके अकस्मात बिघडून त्यांचा अंत झाला. उत्तम प्रतीची प्रथिने, क्षारांचा समतोल आणि डॉक्टरांची नजर या तिन्ही गोष्टींचा आग्रह तेव्हापासून धरला जाऊ लागला.

उपचाराची दुसरी बाजू ब्रिटनमधील 'डायरेक्ट' या अभ्यासाने दाखविली. सहा वर्षांहून कमी काळ मधुमेह असलेल्या व इन्शुलिन न घेणाऱ्या स्थूल रुग्णांना तेथे तीन ते पाच महिने सुमारे ८५० उष्मांकांचा, म्हणजे व्याख्येहून किंचित अधिक, आहार देण्यात आला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर ४६ टक्के रुग्ण औषधांवाचून मधुमेहमुक्त स्थितीत होते; नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. आकडे उत्साहवर्धक आहेत. तथापि देणगीदारांपुढे अर्धाच ताळेबंद ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले व पुढील पाठपुराव्यात राहिलेल्यांपैकी पाचव्या वर्षी सुमारे १३ टक्केच त्या स्थितीत उरले. वजन उतरते, ते उतरलेले टिकविणे अवघड जाते.

आता खर्चाकडे वळू. भुकटीचे मूल्य यात गौण आहे, कारण रुग्णाच्या घरच्या जेवणाचा खर्च तेवढ्या काळापुरता वाचतो. खरा खर्च देखरेखीचा आहे. इन्शुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्या रुग्णाने पूर्वीच्याच मात्रेत औषध घेऊन हा आहार सुरू केला, तर रक्तातील साखर पहिल्या काही दिवसांतच धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांनी भोवळ येते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या तर आधीच थांबवाव्या लागतात; एरवी रक्तातील आम्ल वाढण्याचे भय असते. वजन झपाट्याने घटताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. यास्तव रक्ततपासणी, पोटॅशियमची पातळी, ईसीजी आणि डॉक्टरांच्या नियमित भेटी यांस पर्याय नाही. गरोदर व स्तनदा माता, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, मूत्रपिंडाचे गंभीर विकार असलेले आणि लहानपणापासून इन्शुलिनवर असलेले मधुमेही यांना आम्ही हा उपचार देत नाही. घरच्यांनी आग्रह केला तरी देत नाही.

गतवर्षी एका पुरवठादाराने अशा भुकटीचे डबे आमच्या औषध दुकानातून सरसकट विकावेत, विक्रीवर घसघशीत कमिशन मिळेल, असा प्रस्ताव आणला होता. निव्वळ जमाखर्चाच्या दृष्टीने तो आकर्षक होता, हे आम्ही नाकारीत नाही. विश्वस्त मंडळाने तो एकमताने फेटाळला. आमच्याकडे भुकटी केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, एका वेळी दोन आठवड्यांपुरतीच दिली जाते. तपासणी चुकविली तर पुढची मिळत नाही.

वजन घटविणारी आठवडी इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडेही अधिक प्रमाणात आली, मग हा खटाटोप का, असेही विचारले जाते. ज्यांना ती योग्य आहेत व परवडतात त्यांना आमचे डॉक्टर ती अवश्य सुचवितात. पण आमच्या बहुसंख्य रुग्णांना ती वर्षानुवर्षे घेणे झेपणारे नाही, आणि थांबविल्यावर तेथेही वजन परतू लागते. शिवाय स्थूलतेच्या शस्त्रक्रियेपूर्वी यकृताचा आकार घटून शस्त्रक्रिया सुकर व्हावी, यासाठी दोन ते चार आठवडे असा आहार दिला जातोच.

कुटुंबीयांना एक विनंती. बारा आठवड्यांनंतर भाकरी, वरण, भाजी ताटात क्रमाक्रमाने परत येते, तो काळ सर्वांत नाजूक असतो. 'किती सुकलास, एक पुरणपोळी घे' हा शब्द मायेपोटी येतो, हे आम्ही जाणतो. त्या आठवड्यांत स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने रुग्णासोबत आहारतज्ज्ञांकडे यावे. त्यासाठी वेगळे शुल्क नाही.

अंदाजपत्रकातील रकमेचा मोठा भाग या नंतरच्या काळासाठीच राखून ठेवला आहे : दरमहा वजन, साखरेची तपासणी आणि न आलेल्या रुग्णास दूरध्वनी करणारी एक परिचारिका. दोन वर्षांच्या या पाठपुराव्याचे शुल्क गरजू रुग्णांकडून घेतले जात नाही. ज्या देणगीदारांना आपली देणगी या कामी लावावयाची असेल त्यांनी पावतीवर 'आहारोपचार पाठपुरावा' असा उल्लेख करवून घ्यावा. त्या रकमेचा स्वतंत्र हिशेब पुढील वार्षिक अहवालात सादर केला जाईल, आणि किती रुग्णांचे वजन पुन्हा वाढले तेही त्याच पानावर दिले जाईल.