अंतर आणि प्रवासाचा वेळ

दोन गावांमधील अंतर एकच असते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते आपण कोणत्या मार्गाने जातो यावर अवलंबून असते. छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाई परिसरात, हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावर रसमडा हे छोटे स्थानक आहे. समजा, तेथील एका कुटुंबाला रुग्णासह मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ठरलेल्या वेळी पोहोचायचे आहे. त्यांनी रेल्वेने जावे की विमानाने?

लांब पल्ल्याच्या गाडीसाठी त्यांना दुर्गला यावे लागेल. दुर्ग ते मुंबई हे लोहमार्गाचे अंतर सुमारे १,१०० किलोमीटर आहे. नागपूर, भुसावळ आणि कसारा घाट असा वळणावळणाचा हा मार्ग कापण्यास जलद गाड्यांना साधारणपणे १७ ते २० तास लागतात. रायपूर ते मुंबई हे हवाई अंतर मात्र सुमारे ९५० किलोमीटर आहे.

प्रवासी विमान उंचावर ताशी ८०० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. या हिशोबाने प्रवास तासाभरात संपायला हवा. पण वेळापत्रकात सुमारे दोन तास दिलेले असतात. विमान धावपट्टीपर्यंत सावकाश जाते आणि चढताना व उतरताना त्याचा वेग कमी असतो. गर्दीच्या विमानतळावर उतरण्यासाठी थांबावेही लागते. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यामुळे मुंबईहून रायपूरला येणारे विमान काहीसे लवकर पोहोचू शकते.

आता घरापासूनचा हिशोब करू. रसमड्याहून रायपूरजवळील माना विमानतळ गाठण्यास दीड-दोन तास, उड्डाणापूर्वीचे दोन तास, उड्डाणाचे दोन तास आणि मुंबईत सामान घेऊन परळला पोहोचण्यास दीड-दोन तास धरले, तर एकूण सात ते आठ तास होतात. म्हणजे दोन तासांचे उड्डाण हा प्रवासाचा केवळ एक भाग आहे.

अंतर कमी असेल, तर विमानाचा लाभ नाहीसाही होतो. लंडन आणि पॅरिस यांच्यातील हवाई अंतर सुमारे ३४० किलोमीटर असून उड्डाणाला सव्वा तास लागतो. समुद्राखालचा बोगदा १९९४ मध्ये सुरू झाल्यापासून तेथे थेट रेल्वेही धावते. आज ती सुमारे सव्वादोन ते अडीच तासांत शहराच्या मध्यभागातून दुसऱ्या शहराच्या मध्यभागी पोहोचवते. विमानतळावरचा वेळ मोजला, तर अनेकदा रेल्वेच लवकर पोहोचते. वेळापत्रक वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते. म्हणून सकाळी १० वाजता निघालेले विमान तेथील घड्याळाप्रमाणे सव्वाबारा वाजता पोहोचते. भारतात सर्वत्र एकच प्रमाणवेळ असल्याने आपल्याला असा हिशोब करावा लागत नाही.

रसमड्याच्या कुटुंबाला विमानाने दहा-बारा तास वाचवता येतील. तातडीच्या वेळी ते मोलाचे ठरतात. तारीख आधीच ठरलेली असेल आणि रुग्णाला पडून प्रवास करणे सोयीचे असेल, तर एक दिवस आधी पोहोचणारी रेल्वे अधिक योग्य ठरेल. तिकीट काढण्यापूर्वी घरापासून रुग्णालयापर्यंतचा प्रत्येक टप्पा कागदावर मांडावा आणि मगच निर्णय घ्यावा.