घरचा मीडिया सर्व्हर: जुना पीसी खरंच फुकट पडतो का?

लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे फोटो, सिनेमे एका जागी ठेवून टीव्हीवर बघायचे तर मीडिया सर्व्हर लागतो. बरेच जण म्हणतात, "जुना डेस्कटॉप पडलाय, तोच लावतो, फुकटात काम!" थांबा, धंद्यासारखा हिशोब करू.

सर्व्हर २४ तास चालतो. जुना डेस्कटॉप ७० वॅट घेतो असं धरा: ७० × २४ × ३०, म्हणजे महिन्याला सुमारे ५० युनिट. इंटेल एन१०० चा मिनी पीसी डिस्क धरून १५ वॅटवर चालला, तर जेमतेम ११ युनिट. महावितरणच्या बिलावरचा तुमचा दर लावा, वर्षाचा फरक दिसेल.

एन१०० मध्ये क्विक सिंक आहे. टीव्हीला न चालणारा व्हिडिओ तीच चिप बदलून देते, वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. ८ जीबी रॅम पुरते. जेलीफिन सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन तेवढं चालू करा. राउटरपासून लॅन केबल टाका. लाईट जाते, म्हणून छोटा यूपीएस हवाच.

वाचलेले पैसे डिस्कवर घाला. तपकीर गल्लीत गेलात तर एक नाही, दोन घ्या. दोन्ही कायम जोडून रेड केलं म्हणजे बॅकअप झाला, असं नाही. चुकून डिलीट केलेली फाईल दोन्हीकडून जाते. दुसरी डिस्क महिन्यातून एकदा जोडा, कॉपी करा, काढून कपाटात ठेवा.

सिनेमा परत मिळेल हो, लग्नाचा व्हिडिओ नाही मिळणार.