एक पक्ष आणि जगाचा कारखाना

चीनमध्ये मंत्रिमंडळ आहे, संसद आहे, राज्यघटना आहे आणि न्यायालयेही आहेत. पण या साऱ्यांच्या वर कम्युनिस्ट पक्ष आहे. १९२१ साली शांघायमध्ये स्थापन झालेल्या या पक्षाने यादवी युद्ध जिंकले, १ ऑक्टोबर १९४९ रोजी नव्या प्रजासत्ताकाची घोषणा केली आणि तेव्हापासून सत्ता एकदाही हातची जाऊ दिली नाही. आज त्याचे सुमारे दहा कोटी सदस्य आहेत. देशात आणखी आठ पक्षांना मान्यता आहे, पण ते कम्युनिस्ट पक्षाचे नेतृत्व मान्य करूनच काम करतात. निवडणूक लढवून सत्ता मिळवण्याची वाट कोणालाच मोकळी नाही.

पक्षाची उतरंड

दर पाच वर्षांनी पक्षाचे महाअधिवेशन बीजिंगमध्ये भरते. विसावे अधिवेशन ऑक्टोबर २०२२ मध्ये झाले. त्यात २०५ पूर्ण सदस्यांची मध्यवर्ती समिती निवडली गेली, तिच्यातून २४ जणांचा पॉलिट ब्युरो आणि त्यातून सात जणांची स्थायी समिती. देशाचे मोठे निर्णय या सात जणांत होतात. कागदोपत्री ही निवड खालून वर होते. प्रत्यक्षात नावे वरच ठरतात आणि अधिवेशन त्यांवर शिक्कामोर्तब करते.

शी जिनपिंग यांच्याकडे तीन पदे आहेत. पक्षाचे सरचिटणीसपद आणि केंद्रीय लष्करी आयोगाचे अध्यक्षपद नोव्हेंबर २०१२ पासून, तर राष्ट्राध्यक्षपद मार्च २०१३ पासून. जगाला परिचित असलेल्या राष्ट्राध्यक्षपदाचे वजन या तिघांत सर्वांत कमी. खरी सत्ता पक्ष आणि लष्कर यांच्यातून येते, आणि चीनचे लष्कर पक्षाच्या हुकमतीखालचे आहे. राष्ट्राध्यक्षाला सलग दोनच कार्यकाळ मिळतील ही अट मार्च २०१८ मध्ये घटनेतून काढण्यात आली. जवळपास तीन हजार सदस्यांच्या संसदेत दुरुस्तीच्या बाजूने २,९५८ मते पडली, विरोधात दोन.

शहरात आणि प्रांतातही हीच रचना आहे. महापौर असतो, पण त्याच्यापेक्षा शहराचा पक्षसचिव वरचढ. प्रांताला गव्हर्नर असतो, पण शब्द चालतो तो प्रांताच्या पक्षसचिवाचा. यांपैकी कोणाला कुठे नेमायचे, कोणाला बढती द्यायची आणि कोणाला घरी बसवायचे हे पक्षाचा संघटन विभाग पाहतो. सरकारी बँका, मोठी विद्यापीठे आणि बड्या सरकारी कंपन्या यांच्या प्रमुखांच्या नेमणुकाही पक्षाच्याच अखत्यारीत येतात. नोव्हेंबर २००४ मध्ये देशातील तीन मोठ्या दूरसंचार कंपन्यांच्या प्रमुखांची एका झटक्यात अदलाबदल झाली. या कंपन्या बाजारात एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या, परदेशी गुंतवणूकदारांकडे त्यांचे शेअर होते. तरीही एकीचा प्रमुख दुसरीत आणि दुसरीचा तिसरीत गेला. पक्षाच्या लेखी ती खात्यांतर्गत बदली होती.

अठरा शेतकऱ्यांचा करार

माओ त्से तुंग यांच्या काळात शेती, कारखाने आणि व्यापार सारे काही सरकारच्या हाती होते. १९५८ साली सुरू झालेल्या ‘मोठ्या झेपे’च्या मोहिमेत सामूहिक शेतीची सक्ती झाली, धान्याच्या उत्पादनाचे खोटे आकडे वर गेले, त्या आकड्यांवर आधारलेली वसुली झाली आणि दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. त्यानंतर १९६६ ते १९७६ हे दशक सांस्कृतिक क्रांतीच्या उलथापालथीत गेले. माओंचा मृत्यू सप्टेंबर १९७६ मध्ये झाला.

बदलाची एक सुरुवात अन्हुई प्रांतातल्या शियाओगांग या गरीब खेड्यात झाली. १९७८ च्या अखेरीस तिथल्या अठरा शेतकऱ्यांनी गुपचूप एक करार केला. सामूहिक शेत घराघरांत वाटून घ्यायचे, सरकारचा वाटा भरायचा आणि उरलेले धान्य ज्याचे त्याने ठेवायचे. हे बेकायदा होते. म्हणून करारात आणखी एक कलम होते: पुढाकार घेणारे तुरुंगात गेलेच तर त्यांची मुले बाकीच्यांनी वाढवायची. पुढच्याच हंगामात गावाचे उत्पादन अनेक पटींनी वाढले. डिसेंबर १९७८ मध्ये ज्येष्ठ नेते डेंग श्याओपिंग यांच्या पुढाकाराने पक्षाने आर्थिक सुधारणांची दिशा स्वीकारली होती. अशा करारांना शिक्षा होण्याऐवजी मान्यता मिळाली आणि काही वर्षांत ही पद्धत देशभर पसरली. गावाने करून पाहायचे, जमले तर सरकारने उचलायचे, ही चिनी सुधारणांची पुढची रीत इथे दिसते.

१९८० साली शेन्झेन, झुहाई, शांतौ आणि शियामेन इथे विशेष आर्थिक क्षेत्रे उघडली गेली. हाँगकाँगला लागून असलेले शेन्झेन आज एक कोटीहून अधिक वस्तीचे शहर आहे. आर्थिक मोकळीक वाढली तरी राजकीय मोकळीक मिळाली नाही. जून १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकातले लोकशाहीवादी आंदोलन लष्कराने चिरडले. तीन वर्षांनी डेंग यांनी दक्षिणेचा दौरा करून सुधारणांना पुन्हा गती दिली. ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जगभरच्या कंपन्यांनी तिथे कारखाने थाटले. चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले, असे जागतिक बँकेचा हिशोब सांगतो.

शहरे गुंतवणूकदार होतात तेव्हा

चीनच्या अर्थव्यवस्थेत खासगी उद्योगांचा वाटा मोठा आहे. देशांतर्गत उत्पादनाचा निम्म्याहून अधिक भाग आणि शहरी रोजगाराचा बहुतांश भाग त्यांच्याकडून येतो. मात्र बँका, वीज, तेल, रेल्वे आणि दूरसंचार यांच्या नाड्या सरकारच्या हाती आहेत. शहरांतील जमीन सरकारच्या मालकीची आहे; विकला जातो तो ठरावीक मुदतीचा वापरहक्क. घरांसाठी ही मुदत सत्तर वर्षांची असते. १९९४ च्या करसुधारणेने महसुलाचा मोठा हिस्सा बीजिंगकडे गेला आणि खर्चाचा भार स्थानिक सरकारांवर राहिला. ती तूट त्यांनी जमिनीचे हक्क विकून आणि कर्ज काढून भरली. अधिकाऱ्याची बढती प्रदीर्घ काळ त्याच्या भागातल्या आर्थिक वाढीवर ठरत असल्याने प्रत्येक शहर उद्योग खेचून आणण्याच्या मागे लागले.

अन्हुईची राजधानी हफेई हे त्याचे ठळक उदाहरण. २००८ साली या शहराने मेट्रोचा बेत बाजूला ठेवला आणि पैसा बीओई या पडदे बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात घातला. टीव्ही आणि मोबाइलच्या पडद्यांत ही कंपनी पुढे जगातली आघाडीची ठरली आणि तिच्यामागे पुरवठादारही हफेईत आले. २०२० साली निओ ही विजेवरच्या मोटारी बनवणारी कंपनी बुडण्याच्या बेतात होती. हफेईशी संबंधित गुंतवणूकदारांनी तिच्या चीनमधल्या व्यवसायात ७ अब्ज युआन घालून सुमारे २४ टक्के हिस्सा घेतला. कंपनी सावरली आणि शहराला घसघशीत नफा झाला.

पण एकाच वेळी डझनभर शहरे एकाच उद्योगामागे लागतात तेव्हा तोच प्रकार अंगाशी येतो. सौर पॅनेल, पोलाद, बॅटऱ्या आणि विजेवरच्या मोटारी यांचे कारखाने देशाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त झाले. किंमतयुद्धात नफा आटला, तरी कारखाना बंद पडून रोजगार जाऊ नये म्हणून स्थानिक सरकारे त्याला तगवत राहिली. दुसरीकडे सामान्य माणसाचा खर्च मर्यादित आहे. अमेरिकेत देशांतर्गत उत्पादनाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग कुटुंबांच्या खर्चातून येतो, चीनमध्ये सुमारे ४० टक्के. निवृत्तिवेतन आणि आरोग्याची सोय तोकडी असल्याने लोक बचत करतात. ‘हुकोऊ’ या नोंदणीपद्धतीमुळे खेड्यातून आलेल्या कोट्यवधी मजुरांना शहरातल्या शाळा आणि दवाखान्यांचा पूर्ण हक्क मिळत नाही. घरांच्या बाजाराने ही अडचण वाढवली. २०२० साली सरकारने बांधकाम कंपन्यांच्या कर्जांवर बंधने घातली, २०२१ मध्ये एव्हरग्रांद या बड्या बांधकाम कंपनीने परतफेड थकवली, घरांच्या किमती उतरल्या आणि कुटुंबांची मुख्य पुंजीच आक्रसली. देशात न खपलेला माल मग बाहेर जातो. २०२४ साली चीनच्या व्यापारातील आधिक्य सुमारे ९९२ अब्ज डॉलर होते.

खासगी उद्योजकाने किती मोठे व्हावे याचीही मर्यादा पक्षच ठरवतो. ऑक्टोबर २०२० मध्ये अलीबाबाचे संस्थापक जॅक मा यांनी शांघायच्या एका परिषदेत बँक नियमनावर जाहीर टीका केली. पुढच्याच महिन्यात त्यांच्या अँट ग्रुप या वित्तीय कंपनीची विक्रमी ठरू पाहणारी शेअरविक्री दोन दिवस आधी रोखण्यात आली. एप्रिल २०२१ मध्ये अलीबाबाला १८.२ अब्ज युआनचा दंड झाला.

मैत्रीकडून स्पर्धेकडे

अमेरिका आणि चीन जवळ आले ते सोव्हिएत संघाला शह देण्यासाठी. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी फेब्रुवारी १९७२ मध्ये चीनला भेट दिली आणि १ जानेवारी १९७९ पासून राजनैतिक संबंध सुरू झाले. पुढची तीस वर्षे दोघांचा व्यवहार एकमेकांना सोयीचा होता. चीनने स्वस्त माल बनवला, अमेरिकेने तो घेतला आणि आलेल्या डॉलरांतून चीनने अमेरिकी सरकारचे रोखे विकत घेतले. व्यापार वाढला की चीनची राजवट सैल होईल, अशी आशा अमेरिकेत बाळगली जात होती. ती फोल ठरली. अमेरिकेच्या औद्योगिक भागांत मात्र लाखो रोजगार गेले आणि चीनविरोध हा तिथल्या दोन्ही पक्षांचा समान मुद्दा झाला.

२०१३ पासून चीनने ‘बेल्ट अँड रोड’च्या नावाने आशिया आणि आफ्रिकेत बंदरे, रेल्वे आणि रस्ते बांधायला सुरुवात केली. २०१५ मध्ये ‘मेड इन चायना २०२५’ ही योजना आली. स्वस्त मालाचा पुरवठादार राहण्यापेक्षा यंत्रमानव, विमाने आणि चिप यांत आघाडी घेण्याचा हा इरादा होता, आणि तो अमेरिकेच्या वर्मावर बोट ठेवणारा होता. जुलै २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या सरकारने चिनी मालावर वाढीव आयात शुल्क लावायला सुरुवात केली, मे २०१९ मध्ये हुआवे ही चिनी दूरसंचार कंपनी निर्बंधांच्या यादीत गेली. जो बायडेन यांनी ती शुल्के कायम ठेवली आणि २०२४ मध्ये चीनच्या विजेवरच्या मोटारींवर १०० टक्के शुल्क लावले.

चिप आणि चुंबक

शीतयुद्धातल्या प्रतिस्पर्ध्याशी, सोव्हिएत संघाशी, अमेरिकेचा व्यापार नगण्य होता. चीनशी २०२४ मध्ये वस्तूंचा व्यापार ५८० अब्ज डॉलरच्या घरात होता. त्यामुळे या स्पर्धेत दुसऱ्याला लागणारी वस्तू रोखणे हेच शस्त्र झाले आहे.

अमेरिकेचे शस्त्र चिप. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी तिने प्रगत चिप आणि त्या बनवण्याची यंत्रे चीनला विकण्यावर कडक बंधने घातली. अतिसूक्ष्म चिपवर रेषा कोरणारी सर्वांत प्रगत यंत्रे जगात नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते, आणि ती चीनला मिळत नाहीत. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये हुआवेने चीनमध्येच बनवलेल्या ७ नॅनोमीटर चिपचा फोन बाजारात आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपाने अमेरिकी शेअर बाजाराला हादरा दिला.

चीनचे शस्त्र दुर्मिळ मृदा धातू. मोटारींपासून क्षेपणास्त्रांपर्यंत लागणारी शक्तिशाली चुंबके यांतून बनतात. या धातूंच्या शुद्धीकरणाचा सुमारे ९० टक्के भाग चीनकडे आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचे शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेले, चीनने १२५ टक्क्यांनी उत्तर दिले आणि सात दुर्मिळ धातूंच्या निर्यातीसाठी परवाना सक्तीचा केला. नाक दाबले तसे तोंड उघडले: मे महिन्यात जिनिव्हात दोघांनी शुल्के मोठ्या प्रमाणात खाली आणली. ३० ऑक्टोबर रोजी दक्षिण कोरियात ट्रम्प आणि शी भेटले आणि काही बंधने वर्षभरासाठी स्थगित झाली.

या ओढाताणीची झळ तिसऱ्या देशांनाही बसते. चुंबके अडकल्याने २०२५ च्या उन्हाळ्यात पुण्याच्या बजाज ऑटोने विजेवरच्या दुचाकींचे उत्पादन घटण्याचा इशारा दिला होता. २०२४-२५ मध्ये भारताची चीनबरोबरची व्यापारी तूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती.

सर्वांत धोक्याचा प्रश्न तैवानचा. चीन त्याला आपला प्रांत मानतो आणि बळाचा वापर नाकारत नाही. अमेरिकेने तैवानला देश म्हणून मान्यता दिलेली नाही, पण १९७९ च्या कायद्यानुसार ती त्याला शस्त्रे पुरवते. जगातील सर्वांत प्रगत चिपांपैकी बहुतांश तिथेच बनत असल्याने युद्धाची किंमत साऱ्या जगाला मोजावी लागेल.

दोन्ही बाजूंच्या मर्यादा

चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटत आहे. १९८० च्या सुमारास लादलेले एक मूल धोरण २०१६ मध्ये संपले, तीन मुलांची मुभा २०२१ मध्ये आली, पण जन्मदराची घसरण थांबली नाही. स्थानिक सरकारे कर्जात आहेत. अमेरिकेपुढेही वाढते सरकारी कर्ज आणि दुभंगलेले राजकारण आहे.

कुटुंबांचा खर्च वाढवण्याची भाषा बीजिंग अनेक वर्षे करत आहे. तसे करायचे तर सरकार, बँका आणि कारखाने यांच्याकडचा पैसा कुटुंबांकडे वळवावा लागेल, म्हणजे पक्षाच्या हातची काही सूत्रे सैल होतील. ते होत नाही तोवर जादा माल बाहेर येत राहील आणि शुल्कांचे वाद मिटणार नाहीत. अमेरिकेलाही चिनी चुंबके आणि सुटे भाग यांना पर्याय उभा करायला अनेक वर्षे लागतील. म्हणून सध्या दोन्ही देश तडजोडींनी वेळ मिळवत आहेत, आणि त्या वेळेत दुसऱ्यावरचे आपले अवलंबित्व कमी करण्याचा प्रयत्न दोघेही करत आहेत.