थंड समुद्रात राबणाऱ्या भगिनी

डिसेंबरच्या पहाटे चाळीच्या नळावर धुणे धुणाऱ्या आमच्या वाचक भगिनींना पाण्याची थंडी म्हणजे काय, हे सांगायला नको. बोटे बधिर होतात, पिळा घट्ट बसला की नाही हे हाताला कळत नाही. आता अशा पाण्यात डोके बुडेपर्यंत शिरून पोटासाठी राबायचे म्हटले तर?

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरील बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत आल्या आहेत. त्यांना 'हेन्यो' म्हणतात, म्हणजे समुद्रातल्या बाया. पाठीवर हवेची टाकी न घेता, केवळ श्वास रोखून त्या सुमारे १० मीटर खोल जातात आणि शिंपले, समुद्री शेवाळ असा माल काढून आणतात. एकेक बुडी मिनिटभराची. हिवाळ्यात तिथले पाणी फार थंड होते.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते. म्हणूनच ज्या हवेत आपण एका सदऱ्यावर खुशाल बसतो, तितक्याच अंशांच्या पाण्यात तासाभरात हुडहुडी भरते. आपल्या तारकर्ली-मालवणला हौसेने स्कुबाची बुडी मारणाऱ्यांना पाणी कोमट वाटते खरे, पण तेही अंगापेक्षा थंडच असते. वेळ वाढला की तिथेही अंग गार पडते.

१९७० च्या दशकापर्यंत हेन्यो साध्या सुती कपड्यांत पाण्यात उतरत. हिवाळ्यात एका खेपेला अर्धा तास काढणेही जड जाई. मग बाहेर येऊन शेकोटी गाठायची. किनाऱ्यावर दगड रचून वारा अडवणारा गोल आडोसा केलेला असे, त्याला 'बुलतोक' म्हणत. मध्ये आग आणि भोवती ओल्या अंगाच्या बायका. तिथेच कपडे बदलायचे आणि तान्ह्या लेकराला पाजायचे. कोणत्या दिवशी कुठे उतरायचे, हेही तिथेच ठरायचे. नव्या मुली वारा आणि भरती-ओहोटी ओळखायला तिथेच शिकत. बसण्याच्या जागाही ठरलेल्या असत. ज्या बाजूला धूर येत नाही ती जागा सर्वांत कसबी बाईची. मान होता तो हातातल्या कसबाला, आणि हे आम्हाला विशेष वाटते. १९३२ साली जपानी राजवटीत मालाच्या भावात लूट होऊ लागली, तेव्हा याच बायका मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरल्या होत्या.

कोरियातील शरीरशास्त्रज्ञ डॉ. सुक की होंग यांनी १९६० च्या दशकात या बायकांची तपासणी केली. तोंडातले तापमान ३५ अंशांच्या आसपास उतरेपर्यंत त्या काम करीत असल्याचे दिसले. (निरोगी माणसाचे ३७ च्या जवळ असते.) विशेष म्हणजे हिवाळ्यात, स्वस्थ पडून असतानाही, त्यांचे शरीर सुमारे ३० टक्के अधिक उष्णता निर्माण करी. उन्हाळा आला की ते प्रमाण पूर्ववत होई. थंडीच्या सवयीने शरीरानेच जास्तीची चूल पेटवली होती म्हणा ना. आणि त्या चुलीला लागणारे सरपण म्हणजे पोटातले अन्न, ते कमवायलाही पुन्हा पाण्यातच जायचे!

मग रबरी पोशाख आला. अमेरिकेतील पदार्थशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी तो सुचवला होता. त्या रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, ते उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. आत थोडे पाणी शिरते, पण अंगाला चिकटून राहिल्याने लवकरच कोमट होते. स्कुबावाले हाच पोशाख घालतात. मात्र खोल गेल्यावर दाबाने बुडबुडे चेपतात आणि ऊब कमी होते.

१९७० च्या दशकात हेन्यो हा पोशाख घालू लागल्या आणि चार-पाच तास पाण्यात राहणे शक्य झाले. काही वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तर हिवाळ्यातली ती वाढीव उष्णता नाहीशी झालेली! गरजच उरली नव्हती. थंडीचा जाच गेला आणि कमाई वाढली, हे चांगलेच झाले. पण पूर्वी थंडीच त्यांना पाण्याबाहेर काढी, विसावा देई. आता दिवस लांबला. रबर पाण्यावर तरंगते म्हणून कमरेला शिशाची वजने बांधावी लागतात, त्याने पाठ-कंबर धरते. डोकेदुखीची गोळी घेऊन पाण्यात उतरणाऱ्याही पुष्कळ आहेत.

बुलतोकच्या जागी पुढे गरम पाण्याची सोय असलेल्या पक्क्या खोल्या आल्या. हवेची टाकी मात्र गावच्या मच्छीमार संस्थांनी येऊ दिली नाही. ऊबही आणि हवाही मिळाली तर समुद्राचा तळ खरवडून निघेल, हा त्यामागचा हिशेब. २०१६ साली युनेस्कोने या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पण १९६५ साली सुमारे २३ हजार असलेल्या हेन्यो आता तीन हजारांहूनही कमी उरल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींनी साठी ओलांडली आहे.