संमोहनातली आठवण: खात्री वाढते, खरेपणा नाही

संमोहनाखाली माणूस खोटं बोलूच शकत नाही, असं बरेच जण ठामपणे सांगतात. तो बोलू शकतो. त्याहून घातक म्हणजे, न घडलेली गोष्ट खरी मानून प्रामाणिकपणे सांगूही शकतो.

कॅनडातल्या लॉरन्स आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांचा १९८३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. संमोहनाला चटकन प्रतिसाद देणारे २७ जण त्यांनी निवडले. नुकत्याच सरलेल्या एका रात्री जाग आल्याचं यांपैकी कुणालाच आठवत नव्हतं. संमोहित अवस्थेत त्यांना सुचवलं गेलं की, त्या रात्री मोठ्या आवाजाने तुम्ही जागे झालात. नंतर संमोहनातून बाहेर आणून विचारल्यावर १३ जणांनी तो आवाज खरोखर आल्याचं सांगितलं. ही कल्पना संमोहकानेच पुरवली होती हे कळल्यावरही काही जण मागे हटले नाहीत.

असं का होतं? आठवण मेंदूत जशीच्या तशी साठवलेली नसते. दर वेळी ती नव्याने जुळवली जाते. संमोहनात कल्पनाचित्रं ठसठशीत होतात आणि ‘हे खरंच घडलं का?’ ही तपासणी सैल पडते. त्यामुळे आठवतं जास्त, पण त्यात चुकाही वाढतात.

पोलिसांना संमोहनाने गाडीचा नंबर मिळाला, हा हमखास दिला जाणारा दाखला १९७६चा, कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावचा. शाळेच्या बसमधली २६ मुलं आणि चालक यांचं अपहरण झालं होतं. संमोहनाखाली चालकाला अपहरणकर्त्यांच्या गाड्यांचे दोन नंबर आठवले. त्यातला एक, एका आकड्याचा फरक सोडता, बरोबर होता. दुसरा साफ चुकला होता. ते मात्र क्वचितच सांगितलं जातं. १९८५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही बजावलं की, अशा आठवणींत कल्पित भाग असू शकतो आणि त्या साध्या आठवणींपेक्षा अधिक विश्वासार्ह नसतात.

संमोहनात दिसणाऱ्या पूर्वजन्माच्या ‘आठवणीं’चंही तेच. मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनॉस यांच्या प्रयोगांत, आधी जशी अपेक्षा पेरली तसे जन्म लोकांना दिसले. एकजण तर इ.स.पू. ५० मधला सम्राट ज्युलियस सीझर होता. सीझर सम्राट कधीच नव्हता, आणि ‘इसवी सनापूर्वी’ ही गणना त्या काळी कुणाला ठाऊक असणंच शक्य नव्हतं!

वेदना आणि चिंता कमी करायला संमोहनाचा उपयोग होतो. त्याला माझा विरोध नाही. उशिरा आठवलेली प्रत्येक गोष्ट खोटीच, असंही नाही. पण संमोहनात वर आलेल्या आठवणीवरून, बाहेरचा पुरावा नसताना, कुणालाही गुन्हेगार ठरवू नका. आणि ‘दडलेली आठवण काढून देतो’ म्हणणाऱ्याकडे आपल्या माणसाला नेऊ नका.