टूम आणि ढब

‘फॅशन’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्याला प्रतिशब्द शोधण्याचा खटाटोप कोणी करीत नाही. तथापि त्याच्या आगमनापूर्वी आपल्याकडे ‘टूम’ हा एक झकास शब्द होता. टूम ‘निघते’. ती कोठून निघाली हे कोणाला ठाऊक नसते आणि केव्हा मावळली हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. तिच्या शेजारीच ‘ढब’ हा दुसरा शब्द नांदत होता. ढब एखाद्याची असते: बोलण्याची, चालण्याची, पागोटे बांधण्याची. इंग्रजीतून ‘फॅशन’ आणि ‘स्टाइल’ हे दोन शब्द आपण उचलले खरे, पण उचलताना त्यांच्यातील भेद तिकडेच ठेवून आलो. आज ज्याच्या ‘स्टाइल’चे कौतुक होते तो बहुधा टूमच पाळीत असतो.

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात मागणीचा नियम शिकवताना असे गृहीत धरलेले असते की ग्राहक आपली आवड स्वतः ठरवतो आणि शेजाऱ्याने काय विकत घेतले याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. हे गृहीतक किती लंगडे आहे हे थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ साली ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात दाखवून दिले. दिखाऊ उपभोगाची कल्पना त्याचीच. पुढे १९५० मध्ये हार्वे लायबेन्स्टाइन या अर्थशास्त्रज्ञाने तिची अधिक काटेकोर मांडणी केली. काही मागणी अशी असते की इतर जण ती वस्तू घेतात म्हणूनच ती वाढते. दुसरी नेमकी उलट: वस्तू चारचौघांच्या हाती गेली रे गेली की पहिल्या ग्राहकाच्या मनातून ती उतरते.

या मांडणीतील दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण आपली गफलत तेथेच होते. लोकांहून वेगळे दिसणे म्हणजे स्वतःची ढब असणे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः सगळे जण शर्ट आत खोचतात म्हणून जो तो बाहेर सोडतो, त्याचेही लक्ष गर्दीकडेच असते. गर्दीने उद्या शर्ट बाहेर सोडला तर त्याला तो आत खोचावा लागेल. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने फॅशनवरील आपल्या निबंधात हेच निदान केले होते. फॅशनला हट्टाने विरोध करणारा तिची उलटी नक्कल करीत असतो. आमच्या व्यवसायात चुरगळलेला झब्बा आणि खांद्यावर शबनम पिशवी यांचा एक काळ होऊन गेला. त्या झब्ब्याला इस्त्री लागू नये यासाठी किती काळजी घेतली जात असे, हे जाणकारांना ठाऊक आहे.

मग ढब ओळखायची कशी? माझ्या मते, अनुकरण केले की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे. कशासाठी केले, हे ज्याचे त्याला सांगता येते की नाही, एवढेच पाहावे. आपल्याच इतिहासातील दोन पोशाख यासाठी डोळ्यांपुढे आणण्यासारखे आहेत. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराई येथे गांधीजींनी अंगातील कपडे टाकून आखूड पंचा स्वीकारला, कारण विदेशी कापड टाका असे ज्यांना सांगायचे त्यांच्यापाशी अंगभर खादी घेण्याइतके पैसेच नव्हते. डॉ. आंबेडकरांनी नेमकी उलटी दिशा धरली. कोट, पाटलोण आणि टाय हा त्या काळी मुंबईतील कोणाही बॅरिस्टरचा पोशाख होता. त्यात नवे असे काही नव्हते. परंतु ज्या समाजाने काय नेसावे आणि काय नेसू नये हे इतरांनी ठरवून दिले होते, त्या समाजातील माणसाने तो अंगावर घातला की त्याचा अर्थ बदलत होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी स्त्रियांना सांगितले की लुगडे पांढरपेशा स्त्रियांप्रमाणे नेसा आणि जातीची खूण पटवणारे दागिने टाकून द्या. वरवर पाहता हा अनुकरणाचाच उपदेश होता. वरच्या वर्गाची नक्कल खालचा वर्ग करतो आणि मग वरचा वर्ग नवी टूम काढतो, हे झिमेलचे सूत्र त्याला लावू पाहिले तर ते अपुरे पडते. येथे नक्कल हाच बंडाचा मार्ग होता, आणि तो समजून-उमजून पत्करलेला होता. एकाने कपडे उतरवले, दुसऱ्याने चढवले. दोघांनाही कारण विचारले असते तर एका वाक्यात उत्तर मिळाले असते.

‘शैली’ हा शब्द मात्र आपण पोशाखापेक्षा गाण्याच्या संदर्भात अधिक जपून वापरतो, आणि तेथे हा भेद अधिक स्वच्छ दिसतो. बालगंधर्वांचा पदर, अंबाडा आणि नथ यांचे अनुकरण त्या काळच्या सुस्थित घरांतील स्त्रियांनी केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. स्त्रीने कसे दिसावे हे एका पुरुषाने रंगभूमीवरून शिकवावे, ही गंमत तेव्हा कोणाला खटकली नाही. परंतु माझ्या मुद्द्याला अधिक जवळचे उदाहरण दुसऱ्या गंधर्वांचे, म्हणजे कुमारांचे आहे. बालवयात त्यांची ख्याती होती ती थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवण्याबद्दल. टुमेचा वारा त्या मुलाच्या गळ्यात पुरेपूर भरला होता, असे म्हटले तरी चालेल. पुढे मुंबईत प्रा. बा. र. देवधरांकडे शिक्षण झाले आणि ऐन उमेदीत क्षयाने गाठले. हवा मानवेल म्हणून देवासला मुक्काम हलवला आणि काही वर्षे गाणे थांबले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातील लोकगीते ऐकली. बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा दीर्घ दमसासाची चैन त्यांना परवडणारी नव्हती; एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले होते. लहान लहान स्वरावली, मध्येच सोडलेली जागा, अचानक उसळून येणारी तान अशी जी गायकी तयार झाली ती केवळ आजाराने घडवली असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु आपल्यापाशी किती श्वास आहे याचा हिशेब करूनच ती घडली होती, हे नाकारता येत नाही. नंतर तिची नक्कल सुरू झाली. ज्यांची दोन्ही फुफ्फुसे शाबूत होती असे कित्येक तरुण गवई दर चौथ्या मात्रेला श्वास तोडू लागले!

आपल्यापाशी किती श्वास आहे याचा हिशेब मध्यमवर्गीय घराला रोज करावा लागतो. वाण्याची यादी, शाळेची फी, आईचे औषध असा तो हिशेब असतो, आणि टूम नेमकी त्यावरच घाला घालते. कापड विरते तेव्हा सदरा टाकणे हा एक व्यवहार झाला. कापड धडधाकट असताना तो ‘जुना’ ठरणे हा अगदी निराळा. दुसऱ्या व्यवहारात तुमच्या वस्तूचे आयुष्य तुम्ही किंवा विणकर ठरवीत नाही, ते दुकानदार आणि तुमचे शेजारी ठरवतात, आणि त्याचा घसारा मात्र तुमच्या पगारातून वळता होतो. पूर्वी तालुक्याच्या गावी शिंपी निदान काही प्रश्न विचारीत असे. खिसा किती खोल हवा, बाही किती सैल हवी, सायकल चालवता का? अर्थात टुमा शिंप्याच्याही दुकानात येत, आणि बेलबॉटमच्या दिवसांत त्यानेही वाजवीपेक्षा जास्त कापड खर्ची घातले. पण त्याला उत्तर देताना गिऱ्हाइकाला आपल्या कामाचा नि शरीराचा विचार करावा लागे. तयार कपड्यांचे दुकान फक्त माप विचारते, आणि हातातील फोन तर तेही विचारीत नाही. इतरांनी काय घेतले तेच तुम्हाला दाखवतो.

खेड्यातून येणारी मुले पहिल्या वर्षाच्या वर्गात बसतात तेव्हा प्रत्येकाची बसण्याची, बोलण्याची तऱ्हा वेगळी असते. दिवाळीपर्यंत ती पुष्कळशी एकसारखी होते. केस सारखे, बूट सारखे, हप्त्यावर घेतलेला फोनही सारखा. फीमध्ये सवलत मागणारा अर्ज त्याच हातात असतो. त्यांना दोष देण्याचा धीर मला होत नाही. अठराव्या वर्षी परक्या गावात एकटे पडण्याची भीती हप्त्याच्या व्याजाहून मोठी असते, आणि गावाकडचा सदरा पाहून हसणारे वर्गात नेहमीच चार-दोन असतात.

ही टूम पोशाखापुरती थांबती तरी निभावले असते. ती भाषेत शिरते, मग विचारात, आणि तेथे तिला खतपाणी घालणारे आम्ही शिक्षकच असतो. काही वर्षांपूर्वी मी उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा तपासत होतो. प्रश्न अलवचिक मागणीचा होता. एकामागून एक उत्तरपत्रिकेत मिठाचे उदाहरण, तेही बाजारातील मार्गदर्शिकेच्या शब्दांत, स्वल्पविरामासकट. एका विद्यार्थ्याने मात्र मिठाचे नावही काढले नव्हते. गेल्या साली आमचा कांदा कमी पिकला आणि पैसे जास्त आले, असे त्याने आरंभीच लिहिले होते. यंदा पीक दीडपट आले, पण भाव निम्म्याहून खाली आला. काढणीची मजुरी, ट्रॉलीचे भाडे आणि हमाली देऊन हाती काही उरले नाही. कारण कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दोन वेळांच्या जेवणात चार वेळांचा कांदा खात नाही, आणि महागला म्हणून सोडूनही देत नाही. व्याख्या त्याने शेवटी दोन ओळींत दिली होती, आणि ती बरोबर होती. ऱ्हस्व-दीर्घाचे हाल होते, वाक्ये गावाकडच्या वळणाची होती. परंतु अनेक वर्षांत या प्रश्नाचे इतके समजून लिहिलेले उत्तर मी वाचले नव्हते.

मी त्याला दहापैकी आठ गुण दिले. नियामकांनी ते पाचावर आणले. नमुना उत्तरात मीठ होते, असे त्यांचे म्हणणे. त्याच गठ्ठ्यातील मिठाच्या उत्तरांना सहा-सहा गुण मिळाले.